गोळीच्या आधी सतरंजी

जुन्या जालन्यात कुत्रा लंगडायला लागला की तो माझ्याकडे येण्याआधी त्याचा मालक मेडिकलच्या काउंटरवर जाऊन आलेला असतो. "गुडघेदुखीची गोळी द्या," एवढंच म्हणतो. कोणाचे गुडघे, हे विचारायची पद्धत नाही. पुष्कळदा मेडिकलपर्यंतही जावं लागत नाही. घरात आजी असते, आजीच्या डब्यात पाकीट असतं, आणि त्यातली अर्धी गोळी पोळीच्या तुकड्यात दडवून दिली जाते. दोन दिवस कुत्रा तरतरीत. मग उलट्या, खाणं बंद, आणि डांबरासारखी काळी शी. माझ्या टेबलावर येतो तो या अवस्थेतला कुत्रा. लंगडण्याचं तोवर सगळे विसरलेले असतात.

माझं शिक्षण परभणीचं. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ सालचं, मराठवाड्याच्या गाई-बैलांसाठी निघालेलं, आणि आमचा अभ्यासही त्याच अंगाने झाला. गाभण म्हैस, फुगलेला बैल, शेळ्यांचा पीपीआर. कुत्र्याचं म्हणजे रेबीजची लस आणि जंताचं औषध, एवढ्यावर पोट भरेल अशी कोणाची कल्पना नव्हती. गांधी चमनच्या पुढे दवाखाना टाकला तेव्हा माझ्याकडेही बैलच जास्त यायचे. आता दुपारनंतर दारात जी पादत्राणं पडलेली असतात, ती बहुतेक कुत्रेवाल्यांची. लॅब्रॅडॉर, अल्सेशियन, रॉटवायलर, पामेरियन, आणि हल्ली पग. पंधरा-वीस वर्षांत ही कुत्री अंगणातून घरात आली, घरातून माडीवर गेली, आणि आता म्हातारी होताहेत.

बैलाच्या बाबतीत मला कधी शिकवावं लागलं नाही. भोकरदनकडचा शेतकरी शंभर पावलांवरून सांगतो, "डाव्या खुब्यात हाय, डाक्टर." त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. पण त्याच माणसाच्या शहरातल्या मुलाकडे कुत्रा असतो आणि त्याचे दोन्ही खुबे झिजलेले असतात, तेव्हा बापलेक दोघंही म्हणतात, "म्हातारा झालाय, बाकी काही नाही." मला याचं कारण असं वाटतं की बैल दुखावला की नांगर थांबतो, नुकसान त्याच दिवशी कळतं. कुत्र्याचं कोणतंच काम अडत नाही. तो दारात येऊन शेपूट हलवतो, आणि घरच्यांना त्याच्याकडून तेवढंच हवं असतं. शिवाय लंगडायला एक तरी पाय धड लागतो. दोन्ही मागचे पाय सारखेच दुखत असले तर कुत्रा लंगडणार कुठून? तो फक्त हळू होतो. आधी उडी मारून गाडीत चढायचा, आता पुढचे पाय ठेवून वाट बघत उभा राहतो. उठताना पुढच्या पायांवर ओढून घेतो. फिरायला जाताना पुढे असायचा, आता मागे असतो. एखादा सांधा सतत चाटून तिथले केस तांबडे झालेले असतात. कधी कधी मुलांवर गुरगुरतो, आणि त्याला "खडूस झालाय" म्हणतात.

दवाखान्यात तर हेही दिसत नाही. परक्या जागी, फिनेलच्या वासात, कुत्रा भीतीने ताठ चालतो. म्हणून मी आता सगळ्यांना सांगतो, सकाळी तो झोपेतून उठतो त्या वेळचा व्हिडिओ मोबाइलवर काढून आणा. पहिल्या दहा पावलांतच कळतं.

कचेरी रोडच्या आतल्या गल्लीतला ब्रुनो असाच आला. नऊ वर्षांचा पिवळा लॅब्रॅडॉर. मोंढ्यात आडत असलेलं घर, दोन भाऊ एकत्र, खाली आजी, वर मुलं. तक्रार एवढीच की आठ-पंधरा दिवसांपासून माडी चढत नाही. मी त्याला टेबलावर घेतलाच नाही. एवढं धूड उचलताना त्यालाही दुखतं आणि मलाही. खाली फरशीवर त्याच्या मागे बसलो आणि दोन्ही मांड्यांवरून एकदम हात फिरवले. लॅब्रॅडॉरची मांडी मुठीत मावू नये. याची डावी मांडी हाताला हाडापर्यंत लागत होती, वरून मात्र कातडीखाली चरबीचा थर, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. दुखरा पाय वाचवत वाचवत चाललं की मांस असं आतल्या आत उतरतं. मग पाय हळूहळू मागे ताणला. निरोगी कुत्र्याचा पाय जवळजवळ सरळ रेषेत मागे जातो. ब्रुनोचा अर्ध्यात अडला. तो ओरडला नाही, चावायला धावला नाही. त्याने फक्त मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं आणि ओठ एकदा चाटले. इतकंच. घरचे म्हणाले, "बघा, दुखत नाही त्याला." त्यांना ती मान दाखवायला मला पाय पुन्हा ताणावा लागला, आणि ते मला अजिबात आवडत नाही.

सांध्यात काय होतं ते मी या घराला बेअरिंगच्या भाषेत सांगितलं, कारण धाकट्या भावाची नोकरी एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, मधे वंगण असतं. कूर्चा झिजली की वंगण पातळ होतं, सांध्याचं अस्तर सुजतं, आणि शरीर आधार म्हणून कडेला हाडाची टोकं वाढवतं. बेअरिंग बदलता येतं, कूर्चा परत येत नाही. त्यामुळे बरा करतो असं मी कोणालाच म्हणत नाही. कमी दुखेल आणि जास्त दिवस चालेल, एवढं माझ्या हातात आहे. त्यातलंही निम्म्याहून जास्त घरच्यांच्या हातात.

पहिली गोष्ट वजन. माझ्या दवाखान्यातल्या काट्यावर ब्रुनो उभा राहीना, तेव्हा थोरले भाऊ त्याला मोंढ्यात घेऊन गेले आणि धान्याच्या काट्यावर उभा केला. ४१ किलो. त्याच्या बांध्याला ३२-३३ पुरे. मग हिशेब सुरू झाला. कोण काय देतं? कोणीच काही देत नव्हतं! आजी सकाळी "फक्त अर्धी" दूध-पोळी, मुलं शाळेत जाताना पार्ले-जी, दुकानातला हमाल भज्याचा तुकडा, रात्री पानातली उरलेली भाकरी-वरण, आणि या सगळ्याच्या वर पिशवीतलं विकतचं खाणं, तेही अंदाजाने. उपवासाला साबुदाणा. आडतीवर पोत्यामागे किलोभराचा फरक पकडणाऱ्या घरात कुत्र्याच्या खाण्याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. मी त्यांना एक वाटी ठरवून दिली आणि दिवसाचं सगळं खाणं सकाळीच एका डब्यात काढून ठेवायला सांगितलं. ज्याला लाड करायचेत त्याने त्या डब्यातूनच करावेत.

हे माझं तत्त्वज्ञान नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खायला घातलं, तेही आयुष्यभर. २००२ मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. कमी खाणारी कुत्री सरासरी १३ वर्षं जगली, पोटभर खाणारी ११.२. सांध्यांच्या औषधाची गरजही त्यांना सुमारे तीन वर्षं उशिरा पडली. माझ्या माहितीतलं कोणतंही औषध एवढं देत नाही. आणि आधीच जाड झालेल्यांसाठीही बातमी वाईट नाही. वजन सहा टक्क्यांनी उतरलं तरी लंगडणं कमी झालेलं मोजता येतं, असंही दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं आहे. ब्रुनोसाठी सहा टक्के म्हणजे अडीच किलो. एवढं ऐकल्यावर घर तयार झालं. ३२ म्हटलं असतं तर कोणी हललं नसतं.

दुसरी गोष्ट फरशी. जुन्या जालन्यातल्या घरांत शहाबादी असायची, खडबडीत, पावलाला धरणारी. आता लग्न निघालं की आधी फरशी बदलते. काचेसारख्या टाइल्स येतात, त्यात तोंड दिसतं. त्या टाइल्सवर झिजलेल्या खुब्याचा कुत्रा बर्फावर चालावा तसा चालतो. मागचे पाय फाकतात, प्रत्येक घसरण्याला सांध्याला झटका बसतो, आणि मग तो चालणंच सोडतो. यावर उपाय दुकानात मिळत नाही, घरात पडलेला असतो. जुन्या सतरंज्या, गोणपाट, मुलांच्या योगा मॅट. कुत्रा जिथे झोपतो तिथून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत एक पट्टा अंथरायचा. नखं कापायची, कारण वाढलेली नखं टेकली की पंजा टेकत नाही. पंज्याच्या गादीमधले केस कात्रीने काढायचे. खाण्या-पिण्याची भांडी विटेवर ठेवायची. ओट्याच्या पायरीवर फळी टाकून तिच्यावर गोणपाट ठोकायचं. माडीचा जिना बंद. ब्रुनोच्या घरी धाकट्या वहिनींना ते पटेना. नव्या फरशीवर गोणपाट? पाहुणे काय म्हणतील? तडजोड म्हणून चांगली जाड सतरंजी आली. महिन्याभराने गेलो तर त्याच पट्ट्यावरून आजीही भिंतीला धरून चालत होत्या. त्यांचाही पाय टाइलवर सरकायचा, पण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

या आजींनीच मला तो प्रश्न विचारला होता, जो रोज कोणी ना कोणी विचारतं. "मला चालती ना ही गोळी, मंग त्याला कामून नाही?"

त्याचं उत्तर देताना मी हिशेब मांडतो. सांधेदुखीसाठी आम्ही कुत्र्यांना बहुतेकदा मेलॉक्सिकॅम देतो. तेच औषध माणसांसाठी १५ मिलिग्रॅमच्या गोळीत मिळतं. २५ किलोच्या कुत्र्याला पहिल्या दिवसानंतर रोजची मात्रा अडीच मिलिग्रॅम. म्हणजे माणसाची एक गोळी ही त्याची सहा दिवसांची मात्रा झाली. आणि हे सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या औषधाचं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांना कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड मुळीच सोसत नाही. ही औषधं शरीरातली जी रसायनं दाबतात त्यांच्यामुळे सूज येते हे खरं, पण जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही तीच सांभाळतात. मे महिन्यात, पारा बेचाळीसवर, आधीच कमी पाणी प्यालेल्या कुत्र्याला उपाशीपोटी अशी गोळी दिली तर मूत्रपिंड बसायला वेळ लागत नाही.

डायक्लोफेनॅकचं नाव निघालं की गिधाडांचं सांगायचा मोह मला आवरत नाही. हे औषध दिलेली गुरं मेली की ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००४ मध्ये ते सिद्ध झालं, २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पुढे २०२३ मध्ये अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन, २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड. माणसांची पाकिटं मात्र काउंटरवर आहेतच, आणि तीच फिरून जनावरांकडे येतात. मला शिकवणाऱ्यांच्या पिढीने ढोरं टाकायच्या जागी गिधाडांचे थवे पाहिले होते. आताच्या विद्यार्थ्यांनी गिधाड फक्त पुस्तकात पाहिलंय.

म्हणून माझा नियम सरळ आहे. आधी रक्त तपासायचं, क्रिएटिनिन आणि यकृत. माणसांच्या लॅबमध्ये ते होतं. औषध खाण्यासोबत. त्यासोबत स्टेरॉइडचं इंजेक्शन कोणाकडूनही घ्यायचं नाही, "कालच एक सुई मारून घेतली" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. उलटी, काळी शी, खाणं बंद, यातलं एक जरी दिसलं तरी गोळी थांबवून फोन करायचा. दर काही महिन्यांनी रक्त पुन्हा. जिथे एवढ्याने भागत नाही तिथे गॅबापेंटिन जोडतो. हल्ली मालक मोबाइलवर वाचून येतात, महिन्याला एक टोचायची अँटिबॉडी आली आहे म्हणे. आली आहे. युरोपात २०२० मध्ये, अमेरिकेत २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, आणि नंतर तिच्या दुष्परिणामांबद्दल तिकडे इशाराही निघाला. ती असो नसो, वाटी आणि सतरंजी चुकत नाही.

गावठी उपायांची मला चीड नाही, पण तीन गोष्टींवर मी आवाज चढवतो. एक डागणी. बैलाच्या खुब्यावर डाग देतात तसा कुत्र्याला देऊन आणलेला मी पाहिला आहे. सांध्यात काही होत नाही, वर जखम होते आणि तिच्यात अळ्या पडतात. दुसरा बिब्बा. माणूस सांध्यावर बिब्बा लावून गप्प बसतो, कुत्रा तो चाटतो आणि जीभ, ओठ, घसा भाजून घेतो. तिसरा बाम. त्यातलं सॅलिसिलेट चाटलं की तेही पोटातच जातं. शेक मात्र चांगला. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सांधे धरतात तेव्हा कोमट पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं, आणि थंड फरशीवरून गादीवर मुक्काम. आजींना हे आवडलं, कारण शेकण्याची पिशवी त्यांच्याकडे होतीच.

जालन्यात व्यापारी घरं पुष्कळ, आणि त्यातली बरीच पक्की शाकाहारी. तिथे माशाच्या तेलाची कॅप्सूल लिहिली की शांतता पसरते. सांध्यांच्या सुजेवर ज्या मोजक्या पूरक गोष्टींना बऱ्यापैकी पुरावा आहे, त्यात हे तेल येतं. "डॉक्टर, त्याऐवजी जवसाचं तेल चालेल का? आमच्याकडे घाण्याचं आहे." मराठवाड्यात जवसाची चटणी प्रत्येक घरात, तेव्हा प्रश्न रास्तच. पण जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या रूपातलं, आणि कुत्र्याच्या शरीरात त्याचं हव्या त्या रूपात रूपांतर फार थोडं होतं. मी तसं सांगतो आणि निर्णय त्यांच्यावर सोडतो. ज्या ग्लुकोसमिनच्या गोळ्या त्याच घरांत बिनतक्रार चालतात, त्या बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून केलेल्या असतात, हे मी कोणी विचारलं तरच सांगतो. तशीही त्यांच्याबद्दलची खात्री डगमगतीच आहे.

व्यायामाचं अवघड. मोठ्या शहरांत पाण्याखाली चालायचा पट्टा असतो. इथे उन्हाळ्यात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, कुत्र्यासाठी हौद कोण भरणार? मग कोणीतरी शेततळं सुचवतं. कडवंची गावाने जिल्ह्यात शेततळ्यांचा धडा घालून दिला, आता सगळीकडे आहेत. पोहणं सांध्यांना उत्तम, पण शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर असतं. त्यावरून धडधाकट कुत्र्यालाही वर येता येत नाही, दुखऱ्या पायाच्या कुत्र्याचं तर नावच नको. तिथे सोडू नका. त्यापेक्षा दिवसातून तीन वेळा थोडं थोडं चालवा, साखळी हातात धरून, सपाट मातीवर. आठवडाभर बसवून ठेवायचं आणि रविवारी मोतीबागेला मोठी फेरी, याने सोमवार खराब जातो. वेळही बघा. पहाटे गल्लीतल्या कुत्र्यांचं राज्य असतं, आणि आजारी कुत्रा त्यांना लांबून ओळखू येतो.

प्रत्येक लंगडणं झिजेचं नसतं, हेही सांगायला हवं. तीन-चार वर्षांचा कुत्रा आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडतोय, अंगात कणकण आहे, तर मी आधी कानाच्या आत आणि बोटांच्या मधे गोचीड शोधतो. गोचीडतापात सांधे सुजतात आणि रक्तातल्या प्लेटलेट्स उतरतात. अशात वेदनाशामक गोळी दिली तर रक्तस्राव. आजीचं पाकीट इथे सर्वांत महाग पडतं.

आणि झीज सुरू कुठे होते? पुष्कळदा पिल्लूपणात. जाहिरात बघून आणलेलं लॅब्रॅडॉर, त्याच्या आई-बापाच्या खुब्यांचा एक्स-रे कोणी काढलेला नाही. घरी आल्याआल्या कॅल्शियमची बाटली सुरू, "हाडं भक्कम व्हावीत" म्हणून. मोठ्या जातीच्या पिल्लाला पिशवीतल्या खाण्यातून पुरेसं कॅल्शियम मिळत असतं. वरून दिलेलं जास्तीचं हाडांची वाढ बिघडवतं, कारण लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं रोखता येत नाही. ती बाटली मी टेबलावरूनच परत पाठवतो, त्यावर विकणाऱ्यांची माझ्यावर नाराजी आहे.

स्टेशनकडच्या रस्त्यावर एक चहाची टपरी आहे. तिथल्या भटक्या कुत्र्याच्या मागच्या पायाचं हाड मोटारसायकलखाली मोडलं, वाकडंच जुळलं, आणि आता त्या गुडघ्यात झीज आहे. त्याला घर नाही, फरशी नाही, वाटी नाही. टपरीवाले चाचा रोज संध्याकाळी थोड्या दुधात औषधाचे मोजून थेंब घालतात. मला म्हणाले, "डाक्टरसाब, नागा नहीं होता." आणि होतही नाही. दवाखान्यातल्या कित्येक पाळीव कुत्र्यांपेक्षा त्याचं औषध वेळेवर जातं.

ब्रुनो आता ३६ वर आहे. माडी त्याने सोडली, तो आजींच्या खोलीत झोपतो. थंडीत त्रास होतो, तेव्हा औषध वाढवतो, उन्हाळ्यात कमी करतो.

तुमच्या घरचा कुत्रा सात वर्षांपुढे गेला असेल तर त्याच्या दोन्ही मांड्यांवरून एकदा हात फिरवून बघा, त्याचं वजन करा, आणि तो सकाळी उठतो त्या वेळचा व्हिडिओ काढा. जिथे असाल तिथल्या पशुवैद्याकडे जाताना तो सोबत न्या. घरातली एखादी गोळी आधीच दिली असेल तर पाकीटही न्या आणि कधी दिली ते खरं सांगा. पुढचं औषध त्यावरच ठरतं.